आजी म्हणते सकाळी, आजोबा म्हणतात दुपारी

प्रश्न : आम्ही अकरावीतल्या मैत्रिणी पानशेतच्या पुरावर दहा मिनिटांचा माहितीपट करतोय. नारायण पेठेत वाढलेली माझी आजी सांगते, पाणी सकाळीच चढलं. शेजारचे आजोबा ठामपणे दुपार म्हणतात. कुणाचं ठेवायचं? आणि पुराचे फोटो नेटवरून उचलले तर चालतील का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : दोघांचंही ठेवा. १२ जुलै १९६१ला बांधकाम पुरतं न झालेलं पानशेत धरण सकाळी फुटलं, ते पाणी खालच्या खडकवासला धरणात आलं आणि दुपारी खडकवासल्याची भिंतही गेली. नदी सकाळपासून चढत होती, मोठा लोंढा नंतरचा. त्यामुळे आजी-आजोबांना वेळ विचारण्यापेक्षा ‘तेव्हा तुम्ही कुठे उभे होतात?’ असं विचारा. जमलं तर त्यांना त्या जागी घेऊन जा. दोघांच्या जागा नकाशावर दाखवल्यात की भांडण आपोआप मिटेल, आणि प्रेक्षकाला पूर कसा आला तेही कळेल.

मी बरीच वर्षं संकलन केलंय, विद्यार्थ्यांच्या स्पर्धांना परीक्षक म्हणूनही बसते. बहुतेक फिल्म पाणी ओसरलं की संपतात, वर उदास बासरी. (बासरीवर बंदीच घालायला हवी!) खरी गोष्ट तर तिथून पुढे आहे. पुण्याचं पिण्याचं पाणी खडकवासल्याचं. धरण रिकामं झालं नि शहराचे नळ कोरडे पडले. घरात गुडघाभर चिखल आणि प्यायला थेंब नाही! आजीला विचारा, हंडा भरायला कुठे जायचीस? कुठली विहीर, कुणाचा आड? रांगेत कोण भांडायचं? मग एक दिवस गोखलेनगरच्या पूरग्रस्त वसाहतीत काढा.

बोलणं टिपताना पंखा बंद, कुकरची शिट्टी बंद. आजी थांबली तर लगेच पुढचा प्रश्न टाकू नका, तिला वेळ द्या.

फोटोंचं म्हणाल तर, जुने झाले म्हणून ते फुकट होत नाहीत. आपल्याकडे छायाचित्रकाराच्या हयातीत आणि निधनानंतर ६० वर्षं हक्क राहतो. त्यापेक्षा पेठेतल्या घरांमधले अल्बम धुंडाळा. फोटो कुणी काढला तेही विचारा, कारण अल्बम ज्याचा त्याचाच हक्क असतो असं नाही. परवानगी लेखी घ्या. एका ओळीची चिठ्ठी चालेल, सही आणि तारीख मात्र हवी.