मध्ययुगात राजाला गरिबांचे हाल खरंच माहीत असायचे का? आणि दुष्काळ पडला की तो नक्की काय करायचा?

माहीत असायचे. "राजा चांगलाच होता हो, खालचे लोक त्याला कळू द्यायचे नाहीत" हे आपल्याकडे फार आवडीने सांगतात, पण निदान एका दुष्काळाबाबत तरी ते चालत नाही, कारण तिथे बादशहाच्या पगारी इतिहासकारानेच सगळं लिहून ठेवलंय.

१६३० ते १६३२ चा दुष्काळ. गुजरात, खानदेश, दख्खन सगळं होरपळलं. तुकोबांची एक बायको अन्न अन्न करत गेली ती याच दुष्काळात, हे त्यांनी स्वतःच अभंगात सांगितलंय. आता गंमत बघा (गंमत कसली म्हणा), शहाजहान तेव्हा लांब आग्र्याला बसलेला नव्हता, तो १६३० च्या मार्चपासून बऱ्हाणपूरला तळ ठोकून होता, त्याचाच सरदार खानजहान लोदी बंड करून निजामशाहीच्या आसऱ्याला गेला होता म्हणून त्या दोघांचा बंदोबस्त करायला. म्हणजे ऐन दुष्काळी मुलखात खुद्द बादशहा, आणि सोबत एवढं मोठं लष्कर जेवायला!

त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात पीटर मंडी नावाचा इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीचा माणूस सुरतेहून बऱ्हाणपूरमार्गे आग्र्याला निघाला. रस्ताभर प्रेतं, नंदुरबारला तर छोटासा तंबू ठोकायला मोकळी जागा मिळेना. आणि बऱ्हाणपूरच्या शाही छावणीत पोचला तर तिथे सगळं भरपूर. धान्य होतं हो, बंजाऱ्यांचे तांडे ते बैलांवर लादून वाहत होते, फक्त ते जिथे सैन्य आणि पैसा होता तिकडे जात होतं. मला विचाराल तर तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आहे.

दरबारी इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी काय लिहितो ते वाचून अंगावर काटा येतो. भाकरीसाठी लोक जीव विकायला तयार पण घेणारा कोणी नाही, बकऱ्याचं म्हणून कुत्र्याचं मांस खपवलं जातंय, पिठात मेलेल्यांच्या हाडांचा भुगा, शेवटी माणूस माणसाला खायला उठला. हे सगळं लिहून झाल्यावर तो बादशहाच्या दानधर्माकडे वळतो. बऱ्हाणपूर, अहमदाबाद, सुरतेला लंगर उघडले, दर सोमवारी ५,००० रुपये वाटले, सोमवार का तर त्या वारी बादशहा तख्तावर बसला होता म्हणून. असे २० सोमवार म्हणजे झाले १ लाख, अहमदाबादला वेगळे ५० हजार. आणि याच वर्षांत मयूर सिंहासन घडत होतं, ते १६३५ ला तयार झालं, त्याचा हिशेब हाच लाहोरी देतो, ८६ लाखांची रत्नं आणि १४ लाखांचं सोनं, म्हणजे एक कोटी. रत्नं बरीचशी खजिन्यात आधीपासून पडून होती हे खरं, पण तरी दीड लाख आणि एक कोटी. लोक ताजमहालावरून भांडतात, मला हा आकडा जास्त बोलका वाटतो.

एक गोष्ट मात्र बादशहाच्या बाजूने सांगायला हवी, खालशाच्या (ज्याचा सारा थेट बादशहाच्या खजिन्यात जायचा त्या) मुलखात जवळपास ७० लाख रुपये सारा माफ केला, एकूण वसुलाचा अकरावा हिस्सा. ही रक्कम छोटी नाही. पण सारामाफी मिळते ती ज्याच्या नावावर सारा आहे त्याला, दुसऱ्याच्या शेतात राबणाऱ्या मजुराच्या किंवा विणकराच्या पोटात त्यातलं काय जाणार? आणि गावच ओस पडलं तर तिथून वसूल तरी काय होणार होतं. जहागीरदारांनीही बादशहाचं बघून तशीच सूट दिली असं लाहोरी म्हणतो, त्यावर माझा फारसा विश्वास नाही, जहागीर तीन-चार वर्षांत बदलायची, पुढच्या सालच्या कुणब्याची काळजी त्यांना कशाला.

मग गरिबाच्या हातात काय होतं? पळून जाणं, परागंदा होणं. हे ऐकायला दुबळं वाटतं पण तेव्हा जमीन रग्गड आणि कसणारे हात कमी, गाव उठून शेजारच्या मुलखात गेलं की राजाचा वसूल बुडाला. म्हणून तर ओसाड गावं वसवताना इस्तावा द्यायचे, पहिल्या वर्षी नाममात्र सारा आणि मग सालोसाल थोडा थोडा चढवत पूर्ण दरावर आणायचा. रयत टिकवणं ही राजाचीच गरज होती. काही राजांना ती नीट कळली, बऱ्याच जणांना नाही.

कळलेल्याचं उदाहरण हवं असेल तर शिवाजी महाराजांचं ५ सप्टेंबर १६७६ चं पत्र बघा, कोकणातल्या प्रभावळीचा सुभेदार रामाजी अनंत याला लिहिलेलं. गावोगाव फिर, कुणबी गोळा कर, ज्याच्याकडे माणूसबळ आहे पण बैल नाहीत त्याला बैलांसाठी रोख पैसे दे, पोटाला खंडी-दोन खंडी दाणे दे, आणि वसूल करताना वाढीदिडी (म्हणजे व्याज) न लावता फक्त मुद्दल, तेही त्याला ताकद आल्यावर हळूहळू. यासाठी दोन लाख लारी (तेव्हाचं चांदीचं नाणं) खर्च झाल्या तरी चालतील असं स्पष्ट लिहिलंय. यात नुसती दया नाही, पडीक जमीन लागवडीला आली की सारा वाढेल हा हिशेबही त्याच पत्रात आहे, आणि त्यामुळेच मला तो सोमवारच्या ५,००० पेक्षा जास्त भरवशाचा वाटतो.