हॉवर्थ, स्टॅनबरी की ऑक्सनहोप?

ताई, तुमच्या मिस्टरांना इंग्लंडमध्ये कीथली शहरात नोकरी लागली आणि घर हॉवर्थला बघावं, स्टॅनबरीला की ऑक्सनहोपला, असं तुम्ही विचारलंय. व्हिसाचं सगळं सरकारी वेबसाइटवर आहे. मी गावांचं सांगते, सात वर्षं हॉवर्थला काढलीत.

तिन्ही गावं यॉर्कशरच्या मूरलँडला, म्हणजे हेदरच्या झुडपांच्या आणि गवताच्या उघड्या माळाला लागून. हॉवर्थच्या दगडी चढावर ब्रॉन्टी बहिणींमुळे, म्हणजे इथे राहिलेल्या प्रसिद्ध इंग्रजी कादंबरीकार बहिणींमुळे, पर्यटकांची रीघ. स्टॅनबरी डोंगराच्या धारेवर, एकाच रस्त्याच्या कडेनं वसलेलं. वाऱ्याला आडोसा नाही. ऑक्सनहोप खोऱ्यात, वर्थ व्हॅली रेल्वेचं शेवटचं स्टेशन. ही लाइन 1962 साली बंद पडली होती, लोकांनी संस्था काढून 1968 मध्ये पुन्हा सुरू केली. आजही स्वयंसेवकच वाफेची गाडी चालवतात.

जुन्या घरांच्या वरच्या मजल्याला ओळीनं खिडक्या दिसतील. आत हातमाग असत, उजेड हवा म्हणून त्या खिडक्या. माझं माहेर इचलकरंजीचं. त्या खिडक्या पाहिल्या आणि मागाचा खटखटाट कानात आला.

शाळेचं मात्र आधी बघा. आम्ही शाळा चार पावलांवर म्हणून घर घेतलं, तर वर्ग भरलेला. अपील केलं. पत्त्याचा पुरावा म्हणून दिलेलं पाण्याचं बिल चालेना, काउन्सिल टॅक्सवर, म्हणजे इथल्या घरपट्टीवर, नाव फक्त ह्यांचं. पाच वर्षांची पोर माझा हात धरून अंधारात बसची वाट बघायची, खालच्या गावातल्या शाळेसाठी. अजून राग येतो.

त्या हिवाळ्यात तिला सोडून आले की मी चर्चमागच्या स्मशानभूमीत जायचे. 1850 साली बॅबेज नावाच्या निरीक्षकानं इथली पाहणी केली होती. गावातली 41 टक्के मुलं सहा वर्षांची व्हायच्या आत जात होती, इतकं पाणी घाण. ही पाहणी व्हावी म्हणून अर्ज करणाऱ्यांत ब्रॉन्टी बहिणींचे वडीलही होते. एका आडव्या शिळेवरचं शेवाळ मी नखानं काढलं. खाली भावंडांची नावं, वयं महिन्यांत. तिथे मी पोटभर रडले, आणि संध्याकाळी आईला फोनवर सांगितलं, सगळं छान चाललंय.

एकटेपणाचं काय, तो येतो नि जातो.

तुम्ही ऑक्सनहोप बघा, पण वर्गात जागा आहे हे लेखी घेतल्याशिवाय भाडेकरारावर सही करू नका. यायची तारीख कळवा. कीथली स्टेशनवर मी घ्यायला येईन, गाडी रात्रीची असली तरी. मी उतरले तेव्हा कुणी आलं नव्हतं.