विजेची किटली: आधी झाकण बघा

विजेची किटली पहिल्यांदाच वापरत असाल तर झाकण घट्ट लावायची सवय आधी लावून घ्या. पाणी उकळलं की वाफ आतल्या वाटेने खटक्याजवळच्या दोन धातूंच्या पट्टीपर्यंत जाते. पट्टी तापून वाकते आणि खट्कन वीज तुटते. झाकण उघडं राहिलं तर वाफ वरच्यावर निघून जाते, पाणी नुसतं उकळत राहतं. सुरुवातीच्या किटल्यांना ही सोय नव्हती, लक्ष ठेवून बसावं लागायचं. १९५५ मध्ये रसेल हॉब्स या ब्रिटिश कंपनीने आपोआप बंद होणारी किटली आणली. माझ्या मते विजेने स्वयंपाकघराला दिलेली ही मोठीच उसंत! किमान खुणेच्या खाली पाणी नको. तळाशी पांढरा थर दिसला तर पाण्यात थोडं व्हिनेगर घालून उकळा, मग आतून नीट खळबळून घ्या.