पिचर पारखायचा तो कसा? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

गेल्या अंकात अमेरिकेतल्या बेसबॉलच्या मायनर लीगमध्ये, म्हणजे मेजर लीग या सर्वोच्च स्पर्धेच्या खालच्या पातळ्यांवर, तरुण पिचरची (बॅटरकडे चेंडू फेकणाऱ्याची) पारख कशी होते यावर लेख होता. त्यावर सोलापूर शहर आणि जिल्ह्यातून बरेच प्रश्न आले. शालेय सॉफ्टबॉल-बेसबॉलचे मार्गदर्शक, पालक, पहाटे उठून मोबाइलवर सामने बघणारी तरुण मंडळी, सगळ्यांचेच. त्यांतल्या निवडक प्रश्नांना ही उत्तरे.

आमच्या संघात १६ वर्षांचा उजव्या हाताचा पिचर आहे. एका स्पर्धेत रडार गनवर त्याचा वेग ताशी १२८ किमी दिसला. स्काउट, म्हणजे खेळाडू पारखणारा, अशा मुलात नेमके काय बघतो?
— क्रीडाशिक्षक, बार्शी

आधी आकड्याची खात्री करा. गन चेंडूच्या वाटेत समोरासमोर, म्हणजे बॅटरमागे चेंडू झेलणाऱ्या कॅचरच्या पाठीमागच्या जाळीआड धरलेली असेल तरच आकडा भरवशाचा. बाजूला सरकलात की तो कमी येतो: चेंडूची वाट आणि गन यांत १० अंशांचा कोन असेल तर दीड टक्का, २० अंशांचा असेल तर सहा टक्के. म्हणजे १२८ चा चेंडू १२० दिसतो. शिवाय हा वेग चेंडू हातातून सुटतानाचा आहे की प्लेटपाशी, म्हणजे बॅटरजवळच्या जमिनीतल्या पाटीपाशी, पोहोचतानाचा, हे विचारा. हवेच्या रोधाने वाटेत आठ-दहा टक्के वेग जातो. दोन गनचे आकडे जुळत नाहीत ते पुष्कळदा यामुळेच. अमेरिकेत आज वेग म्हणजे सुटतानाचा वेग.

गन नसेल तर मोबाइलवर भागते. फोन तिवईवर बसवून बाजूने, सेकंदाला २४० फ्रेमचे स्लो मोशन चित्रण घ्या. चेंडू बोटांतून सुटल्यापासून प्लेटच्या मागच्या टोकावर येईपर्यंतच्या फ्रेम मोजा. पिचर ज्या पट्टीला पाय लावून टाकतो त्या रबरच्या पुढच्या कडेपासून त्या टोकापर्यंत अंतर १८.४४ मीटर. पिचर पुढे झेपावून चेंडू सोडतो, म्हणून त्यातून साधारण १.८ मीटर वजा करा. मुलाची झेप टेपने मोजलीत तर फारच उत्तम. १२० फ्रेम लागल्या तर अर्धा सेकंद झाला. १६.६४ मीटर अर्ध्या सेकंदात, म्हणजे सरासरी ताशी १२० किमी. सुटतानाचा वेग त्याहून चार-पाच टक्के जास्त, १२५ च्या आसपास. एक फ्रेम चुकली की एका किलोमीटरचा फरक पडतो, म्हणून दहा चेंडू मोजा आणि मग बोला.

आता १२८ चे काय? मेजर लीगमधल्या फास्टबॉलची, म्हणजे पूर्ण वेगाने टाकलेल्या चेंडूची, सरासरी ताशी १५० किमीच्या वर गेली आहे, तेव्हा निव्वळ या आकड्यावर कोणी धावत येणार नाही. पण स्काउट वेगाइतकाच तो वेग कुठून येतो हे बघतो. अंग भरलेला मुलगा सगळा जोर लावून, मान झटकून १२८ टाकत असेल तर त्याच्यात वाढीला जागा थोडी. उंच, लांब हातापायांचा, खांदे अजून न भरलेला मुलगा सहज १२८ टाकत असेल तर आमच्या मते त्याच्यावर दोन वर्षे घालवावीत.

सामन्याच्या अर्धा तास आधी जा. बुलपेनमध्ये, म्हणजे सरावाच्या फेकीत, जे दिसते ते सामन्यात दिसत नाही. पहिले दहा चेंडू कॅचरच्या मागून बघा. चेंडूचे वळण फक्त तिथूनच कळते. मग तिसऱ्या बेसच्या बाजूला या. उजव्या पिचरची छाती तिकडे असते, त्यामुळे अंगाची सगळी हालचाल समोर दिसते. डावखुऱ्यासाठी पहिल्या बेसची बाजू.

तिथून तीन गोष्टी बघा. पहिली, पुढचा पाय जमिनीवर टेकतो त्या क्षणी चेंडूचा हात कुठे आहे. कोपर खांद्याच्या उंचीला आलेले आणि चेंडू वर उचललेला असायला हवा. हात मागे राहिला तर धड पुढे जाते, हात फरफटत येतो, चेंडू उंच आणि हाताच्या बाजूला सुटतो, आणि कोपर-खांद्यावर भलता ताण येतो. दुसरी, पुढचा गुडघा. पाय टेकल्यावर तो घट्ट राहून चेंडू सुटेपर्यंत सरळ होत गेला पाहिजे. तो पुढे ढेपाळला तर कमरेतून आलेला जोर पायातच जिरतो. तिसरी, डोके. ते पहिल्या बेसकडे झटकले जात असेल तर चेंडू ठरलेल्या जागी जाणे कठीणच.

या सगळ्यापेक्षा आम्ही जास्त किंमत देतो ती सातत्याला. त्याची सोपी परीक्षा माऊंडवरच, म्हणजे पिचर उभा राहतो त्या मातीच्या उंचवट्यावरच, असते. २५ चेंडू झाले की जाऊन पुढच्या पायाच्या खुणा बघा. एकच खड्डा पडला असेल तर मुलगा दर वेळी तेच करतो आहे. खुणा वीतभर विखुरल्या असतील तर त्याचे स्ट्राइक, म्हणजे प्लेटवरून योग्य उंचीत जाणारे चेंडू, आज पडले तरी उद्याची खात्री नाही.

वेग तीनदा नोंदवा: पहिल्या इनिंगला, बेसवर धावपटू असताना आणि ६० चेंडूंनंतर. ताशी पाच किलोमीटरची घसरण म्हणजे मुलगा दमला. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या वर असतो. दुपारी तीनच्या सामन्यातली घसरण बघून मुलाला नापास करू नका, त्याला सकाळी सातला परत बघा.

मैदानावर माऊंड नाही, सपाट जमिनीवरूनच सराव होतो. माऊंड बांधावा का आणि कसा?
— मार्गदर्शक, मोहोळ

जरूर बांधा. सपाट जमिनीवरून टाकणाऱ्याची पारख अपुरी राहते. उतारावर पुढचा पाय उशिरा टेकतो आणि हाताची वेळ बिघडते ती तिथेच.

मापे अशी. मातीचे वर्तुळ १८ फूट व्यासाचे, त्याचा मध्य प्लेटच्या मागच्या टोकापासून ५९ फुटांवर. रबर २४ इंच लांब, ६ इंच रुंद. त्याची पुढची कड ६० फूट ६ इंचांवर, म्हणजे मध्याच्या दीड फूट मागे. रबरचा माथा प्लेटपेक्षा १० इंच उंच. १९६९ पूर्वी ही उंची १५ इंचांपर्यंत चाले. रबरच्या पुढे ६ इंच जागा सपाट, तिथून पुढे दर फुटाला एक इंच असा सहा फूट उतार.

चुकते ते मातीत. आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. नुसत्या काळ्या मातीचा माऊंड एका उन्हाळ्यात उकलतो. खाली मुरूम ओला करून दोन-दोन इंचांच्या थरांनी धुमसाने ठोका. चिकणमाती वरच्या तीन-चार इंचांतच घाला, आणि रबरसमोर व पाय टेकतो तिथे ती जास्त घट्ट बसवा. रोज खेळ संपला की पडलेले खड्डे ओलवून, माती भरून ठोका आणि वर पोते झाका. खड्ड्यात पाय मुरगळला की घोट्याबरोबर फेकीची लयही जाते.

माझा भाऊ क्रिकेटमध्ये वेगवान गोलंदाजी करतो. तो पिचर होऊ शकेल का?
— वाचक, पंढरपूर

त्याची गोलंदाजी बघून उत्तर मिळणार नाही, सीमारेषेवरून तो यष्टिरक्षकाकडे चेंडू कसा फेकतो ते बघा. गोलंदाजाला धाव मिळते आणि हात सरळ ठेवावा लागतो. पिचरला एक पाय रबरला टेकवून जागेवरूनच जोर काढायचा असतो आणि कोपर वाकते. २००८ मध्ये भारतात झालेल्या शोधस्पर्धेतून रिंकू सिंग आणि दिनेश पटेल पुढे आले ते दोघेही भालाफेक करणारे. पिट्सबर्ग पायरेट्स या मेजर लीग क्लबने त्यांना करारबद्ध केले आणि रिंकू पुढे मायनर लीगच्या सिंगल-ए पातळीपर्यंत खेळला. भाल्याची फेक पिचिंगला गोलंदाजीपेक्षा बरीच जवळची आहे.

चेंडूही वेगळा. बेसबॉलचे वजन १४२ ते १४९ ग्रॅम, क्रिकेटच्या चेंडूपेक्षा हलका, पण घेर थोडा मोठा. प्लेटच्या रुंदीएवढी, ४३ सेंमी रुंदीची जाळी गुडघ्यापासून छातीपर्यंत बांधा आणि १८.४४ मीटरवरून २० चेंडू टाकायला लावा. पहिल्या दिवशी १२ आत गेले तर पुढे शिकवण्यासारखे आहे. वेग नंतर मोजा.

सिंगल-ए मधल्या एका पिचरचा ईआरए २.५० आहे. तो मेजर लीगला जाईल असे म्हणता येईल?
— महाविद्यालयीन विद्यार्थी, सोलापूर

एवढ्यावरून नाही. ईआरए म्हणजे क्षेत्ररक्षणातल्या चुकांमुळे गेलेल्या धावा वगळून नऊ इनिंगमागे दिलेल्या धावा, आणि तरीही त्यात क्षेत्ररक्षकांचा व नशिबाचा वाटा मोठा. त्याऐवजी समोर आलेल्या बॅटरपैकी किती टक्के स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) झाले आणि किती टक्क्यांना वॉक (चार वाईट चेंडूंवर फुकट पहिला बेस) मिळाला ते काढा. मेजर लीगमध्ये हे आकडे साधारण २२-२३ आणि ८-९ असतात. दोहोंतला फरक खालच्या पातळीवर २० च्या पुढे असेल तर त्या मुलाकडे लक्ष ठेवा, मात्र शे-दीडशे बॅटर तरी होऊ द्या.

मग वय बघा. २०२१ पासून मेजर लीगच्या ३० क्लबांचे मायनर लीगमध्ये प्रत्येकी चार संघ पूर्ण हंगाम खेळतात, चढत्या क्रमाने: सिंगल-ए, हाय-ए, डबल-ए, ट्रिपल-ए. सिंगल-ए मध्ये १९ वर्षांच्या मुलाने केलेली कामगिरी आणि २३ वर्षांच्या मुलाने केलेली तीच कामगिरी यांची किंमत एक नव्हे. मोठ्या मुलाचा साधा कर्व्हबॉलही (वळत खाली पडणारा चेंडू) कोवळ्या बॅटरना चकवतो. डबल-ए मध्ये तेच बॅटर तो चेंडू सोडून देतात आणि वॉक वाढतात. खरी चाळणी तिथे लागते.

स्काउटच्या अहवालातले गुण २० ते ८० असतात, ५० म्हणजे मेजर लीगची सरासरी. प्रत्येक प्रकारच्या चेंडूला दोन गुण, एक आजचा आणि एक पुढे होईल असा. चेंजअपला, म्हणजे फास्टबॉलसारखाच भासवून टाकलेल्या हळू चेंडूला, ४० आणि ५५ लिहिले असेल तर आज कच्चा, पण पुढे सरासरीच्या वर. चेंजअप तपासताना हाताचा वेग बघा. चेंडू फास्टबॉलपेक्षा ताशी १३ ते १६ किमी हळू यावा, हात मात्र तितक्याच झपाट्याने यावा. हात सावकाश आला की बॅटरला आधीच कळते.

मुलगा १४ वर्षांचा. कर्व्हबॉल टाकल्यावर कोपराच्या आतल्या बाजूला दुखते. लेप लावून खेळवावे का?
— पालक, अक्कलकोट

नाही. आजच फेकणे थांबवा आणि अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. या वयात कोपराच्या आतल्या बाजूची हाडाची वाढ पूर्ण झालेली नसते आणि दर फेकीला ताण तिथेच येतो. मोठेपणी तोच ताण आतल्या अस्थिबंधावर येतो. १९७४ मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या पिचरचा तो अस्थिबंध शस्त्रक्रियेने नव्याने बसवला. त्या शस्त्रक्रियेनंतर आजही मैदानावर परतायला वर्षाहून जास्त लागते.

डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर चेंडू मोजून टाकू द्या. अमेरिकेतल्या पिच स्मार्ट नियमांप्रमाणे १३-१४ वर्षांच्या मुलाला दिवसाला जास्तीत जास्त ९५ चेंडू. २१ ते ३५ चेंडूंनंतर एक दिवस विश्रांती, ५० पर्यंत दोन, ६५ पर्यंत तीन, ६६ पासून पुढे चार. पिचिंग झाल्यावर त्याच सामन्यात कॅचर म्हणून उभे करू नका. वर्षातून किमान चार महिने पिचिंग बंद. फास्टबॉल आणि चेंजअप पक्के बसल्यावरच कर्व्हबॉल. आपल्याकडे एकाच मुलाला शाळेच्या, क्लबच्या आणि गावच्या संघात एकाच आठवड्यात उतरवतात. तिन्ही ठिकाणचे चेंडू एकाच वहीत लिहिणे हे पालकांनाच करावे लागेल.

सामना बघून अहवाल कसा लिहावा?
— सॉफ्टबॉल मार्गदर्शक, सोलापूर

स्टॉपवॉच, टेप, फोन आणि वही पुरे. वर तारीख, वेळ, ऊन, माऊंड की सपाट जमीन, गन कुठे धरली आणि समोरचा संघ कसा होता हे लिहा. मग उंची, बांधा, हात. मग एकेका प्रकारच्या चेंडूची नोंद. “कर्व्हबॉल चांगला” असे लिहू नका. “कर्व्हबॉल ताशी १०५, १८ पैकी १० स्ट्राइक, तीन बॅटर पूर्ण चुकले, टाकताना हात खाली येतो” असे लिहा. ते वाचून दुसऱ्या माणसालाही मुलगा दिसतो.

बेसवर धावपटू असताना पिचरची पहिली हालचाल ते चेंडू कॅचरच्या हातमोज्यात, एवढी वेळ मोजा. १.३ सेकंद चांगली, दीडच्या पुढे गेली तर धावपटू दुसरा बेस चोरणार, कारण कॅचरला दुसऱ्या बेसपर्यंत चेंडू पोहोचवायला आणखी दोन सेकंद लागतात.

स्ट्राइक न मिळाल्यावर किंवा सोपा झेल सुटल्यावर पुढचे तीन चेंडू कसे पडले तेही टिपा. चेहऱ्यावरचा राग लिहू नका, चेंडू कुठे गेले ते लिहा.

एका सामन्यावर मत देऊ नका. दुसऱ्यांदा जाल तेव्हा वेगळ्या वेळी, वेगळ्या संघाविरुद्ध बघा. मैदानावर आधीची नोंद उघडू नका, नाहीतर जे लिहिले तेच परत दिसेल. दोन्ही पाने घरी आल्यावर शेजारी ठेवा आणि न जुळणाऱ्या ओळींखाली रेघ मारा. तिसऱ्या वेळी फक्त तेवढेच बघायला जायचे.