मधली पांढरी रेघ

प्रिय पोरी,

तुझ्या पोस्टरवर नारिंगीवर हिरवी अक्षरं थरथरतायत, सर म्हणतात वाचता येत नाही, म्हणून तू कॉलेजच सोडायला निघालीस. सोडू नकोस. आणि अक्षरांभोवती पांढरी रेघ तर अजिबात ओढू नकोस.

पत्रात व्हिक्टर मोस्कोसोचं, त्या अमेरिकन पोस्टरवाल्याचं, नाव घेतलंस, पण त्याला अर्धाच बघितलायस. सॅन फ्रान्सिस्कोतली १९६७ ची त्याची ‘निऑन रोझ’ मालिकेतली पोस्टरं नुसत्या लहरीत झालेली नाहीत. हा माणूस अमेरिकेतल्या येल विद्यापीठात, रंग शिकवणाऱ्या जोसेफ आल्बर्सकडे रंगीत कागद कापत बसलेला. एकच करडा तुकडा काळ्यावर वेगळा दिसतो, पिवळ्यावर वेगळा, हे तिथे पुन्हापुन्हा करून बघायचं. १९५९ मध्ये तो सॅन फ्रान्सिस्कोला आला, आणि १९६६ मध्ये नाचगाण्याच्या कार्यक्रमांची पोस्टरं करताना ते कागद कामी आले. पोस्टर लांबून झटकन वाचता यावं, डोळ्यांना त्रास देणारे रंग शेजारी ठेवू नयेत, हे नियम त्याने ठरवून उलटे केले. सुलटं ठाऊक होतं म्हणून जमलं गं! चेंबर्स ब्रदर्स या बँडच्या पोस्टरमधला तो गॉगल बघ, काचांतली अक्षरं लावता लावता माणूस तिथेच उभा राहतो.

विरुद्ध रंग, दोन्ही सारखेच उजळ, एकमेकांना चिकटून. पुढे कोण, मागे कोण हे डोळ्याला ठरवता येत नाही आणि कड हलायला लागते. मध्ये पांढरं आलं की संपलं.

मी ते संपवलंय. एका नाटकाचं पोस्टर होतं, लाल आणि निळं, स्क्रीन, म्हणजे शाई गाळून छापायची जाळी, मी स्वतः ओढलेली. गिऱ्हाईक म्हणालं, डोळे दुखतात, मध्ये रेघ टाका. टाकली, दोन मिलिमीटर. दुकानाचं भाडं थकलेलं, मुलीची फी भरायची होती; तू असतीस तर काय केलं असतंस? पण खरं सांगतो, रेघ सोयीची असते. स्क्रीन केसभर सरकली तरी खपून जातं. पुढे अकरा वर्षं कुणी न सांगता मी ती टाकत राहिलो. हात आळसावला. कडेला कड भिडवायची तर रजिस्ट्रेशन, म्हणजे एका रंगावर दुसरा नेमका बसवणं, चोख लागतं, शाई एकसारखी लागते, स्क्वीजीवरचा, शाई ओढायच्या रबरी पट्टीवरचा, दाब शेवटपर्यंत तोच लागतो. ते मी गमावलं.

तेव्हा रेघ नको. सरांना वाचता येत नसेल तर हिरवा बदल, थोडा आणखी उजळ कर, अक्षरांचे पाय जाड कर, दहा प्रूफं, म्हणजे चाचणीचे छाप, काढ. रेघ नको!

लाल-निळ्याचं रेघेआधीचं एक प्रूफ माझ्याकडे अजून आहे. शनिवारी दुपारी ये, खिडकीशी धरून दाखवतो. येताना कात्री आण, कागद माझ्याकडे आहेत.