स्मिअरवरून हॉर्मोन कळतं का?

प्रश्न: वय ४८, पाळी अनियमित. स्मिअरच्या रिपोर्टात ०/७०/३० लिहिलंय. इस्ट्रोजेन कमी झालं का? – एक वाचक, मुलुंड

उत्तर: ताई, हे आकडे म्हणजे स्मिअरमधल्या, म्हणजे योनीतून घेऊन काचेवर पसरलेल्या नमुन्यातल्या, शंभर पेशींमागे पॅराबेसल (खोल थरातल्या), इंटरमीडिएट (मधल्या थरातल्या) आणि सुपरफिशियल (वरच्या थरातल्या) पेशी. इस्ट्रोजेन फार घटलं की पॅराबेसल वाढतात. तुमच्याकडे त्या शून्य आहेत, म्हणजे त्या दिवशी योनीच्या आवरणावर इस्ट्रोजेनचा परिणाम होता. एवढंच. रक्तातलं प्रमाण यावरून ठरत नाही.

नमुना कुठून घेतला, हे जरूर विचारा. योनीच्या बाजूच्या भिंतीचा वरचा भाग हवा. गर्भाशयमुखावरचा नमुना यासाठी चालत नाही, कारण तिथल्या काही पेशी पॅराबेसलसारख्या दिसतात. काच लगेच ९५ टक्के अल्कोहोलमध्ये बुडवावी लागते. पंख्याखाली जरा सुकली, की तपासणीचा रंग दिल्यावर निळसर दिसायला हव्यात त्या पेशीही गुलाबी दिसतात आणि सुपरफिशियलमध्ये मोजल्या जाण्याचा धोका असतो. जंतुसंसर्ग, योनीत लावायचं हॉर्मोनचं क्रीम, टॅमॉक्सिफेन (स्तनाच्या कर्करोगावरचं औषध) यांनीही आकडे बदलतात.

पंचेचाळिशीनंतर रजोनिवृत्तीचा अंदाज पाळीच्या नोंदी आणि लक्षणांवरूनच बांधतात. त्यामुळे हीच तपासणी पुन्हा करण्यात पैसे घालवू नका. रक्तस्राव जास्त किंवा पाळीच्या मध्येच होत असेल, तर मात्र स्त्रीरोगतज्ज्ञांना लवकर दाखवा.