उंदीर निवडण्याआधी

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या प्रयोगाचा आराखडा दोनदा वाचला. नाळेच्या रक्तातल्या सीडी ३४ पेशींपैकी (म्हणजे पृष्ठभागावर सीडी ३४ ही खूण असलेल्या पेशींपैकी) खऱ्या मूलपेशी नेमक्या कोणत्या, हे तुला शोधायचे आहे, आणि त्यासाठी ‘प्रतिकारशक्ती नसलेले उंदीर, संख्या २०’ एवढाच उल्लेख तू केला आहेस. त्या एका ओळीविषयीच हे पत्र आहे, कारण तुझ्या पुढच्या दोन वर्षांच्या कष्टांचे काय होणार, हे बरेचसे तिथेच ठरणार आहे.

रक्ताची मूलपेशी सूक्ष्मदर्शकाखाली ओळखू येत नाही. दुसऱ्याच्या अस्थिमज्जेत जाऊन रुजणे, महिनोन्‌महिने निरनिराळ्या रक्तपेशी घडवणे आणि तरीही स्वतःसारख्या मूलपेशी शिल्लक ठेवणे, या कामावरूनच तिची ओळख पटते. ही परीक्षा माणसावर घेता येत नाही, म्हणून आपण उंदराचे शरीर उसने घेतो. पण मग जो आकडा हाती येतो तो एकट्या पेशीचा नसतो, त्यात उंदराचाही वाटा असतो. हे एकदा मनात पक्के बसले, की उरलेले निर्णय घेणे सोपे जाते.

माणसाच्या पेशी रुजायच्या तर त्यांना परक्या समजून मारणाऱ्या टी, बी आणि एनके (नैसर्गिक मारक) या प्रतिकारपेशी उंदरात नसाव्या लागतात. थायमस, म्हणजे टी पेशी जिथे पक्व होतात ती ग्रंथी, नसलेला न्यूड उंदीर या कामाला पुरेसा नव्हता, कारण त्याच्या बी पेशी आणि एनके पेशी शाबूत असतात. १९८३ मध्ये फिलाडेल्फियाच्या फॉक्स चेस कॅन्सर सेंटरमध्ये बोस्मा दांपत्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्किड उंदराचे वर्णन केले. या उंदरात डीएनएचे तुटलेले दोन्ही धागे सांधणारे एक प्रथिन निकामी असते, त्यामुळे टी आणि बी पेशींच्या ग्राहकांची (परके ओळखणाऱ्या प्रथिनांची) जनुके जुळवलीच जात नाहीत. हाच दोष किरणोत्साराला सामोरे जाताना त्याला दुबळा करतो. पुढे जॅक्सन प्रयोगशाळेत लेनर्ड शुल्ट्झ यांच्या गटाने हा दोष मधुमेहाच्या अभ्यासासाठी जपानमध्ये तयार झालेल्या एनओडी उंदरात आणला आणि १९९५ मध्ये एनओडी-स्किडचे वर्णन प्रसिद्ध केले. टोरांटोत जॉन डिक यांच्या गटाने १९९७ मध्ये याच उंदरावर मोजले, की नाळेच्या रक्तातल्या सुमारे ९.३ लाख पेशींमागे रुजणारी पेशी एक असते. हा आकडा आजही पाठ केला जातो, पण तो एनओडी-स्किडमध्ये मिळालेला आकडा आहे, हे सोबत सांगितले जात नाही. या उंदरात एनके पेशींचा थोडा जोर शिल्लक असतो, आणि थायमसच्या लिम्फोमा या कर्करोगामुळे त्याचे आयुष्य सरासरी साडेआठ महिन्यांचेच असते.

आयएल-२ (इंटरल्यूकिन-२, पेशींमधला एक संदेश) टिपणाऱ्या ग्राहकाची गॅमा साखळी काढून टाकल्यावर चित्र पालटले. ही साखळी आयएल-२, ४, ७, ९, १५ आणि २१ या सहा संदेशांना सामाईक आहे, आणि आयएल-१५ पोहोचले नाही तर एनके पेशी तयारच होत नाहीत. जपानमध्ये २००२ साली एनओजी आणि अमेरिकेत २००५ साली एनएसजी हे उंदरांचे वाण याच मार्गाने आले.

आता मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट. टी, बी आणि एनके या तिन्ही पेशी नसलेले दोन उंदीर कागदावर सारखेच दिसतात, तरी एनओडी वंशाच्या उंदरात माणसाच्या पेशी इतर वंशांपेक्षा कितीतरी चांगल्या रुजत. याचे एक मोठे कारण २००७ मध्ये टोरांटोत सापडले. आपल्या पेशींवरचे सीडी ४७ हे प्रथिन भक्षकपेशींना ‘मला खाऊ नका’ अशी खूण देते, आणि ती खूण ओळखणारे सर्प-अल्फा हे प्रथिन एनओडी उंदरात योगायोगाने असे घडलेले आहे, की ते माणसाच्या सीडी ४७ ला घट्ट धरते. म्हणून वाण निवडताना त्यातून काय काढून टाकले आहे यासोबतच त्याचा मूळ वंश कोणता, हेही पाहा.

तुझ्या प्रश्नासाठी एनएसजी किंवा एनओजी घे, आणि सगळ्या माद्या घे, कारण मोजक्याच पेशी टोचल्या असता त्या मादीत अधिक चांगल्या रुजतात. २०११ मध्ये एकेका मूलपेशीचे रोपण यशस्वी झाले ते एनएसजीतच. अस्थिमज्जेत जागा करण्यासाठी आधी द्यायच्या किरणांची मात्रा साधारण २ ते २.५ ग्रे (किरणांचे एकक) ठेव. यंत्राची खात्री नसेल तर एनबीएसजीडब्ल्यू वाणाचा विचार कर, कारण त्याच्या किट जनुकातल्या दोषामुळे अस्थिमज्जेतली जागा आधीच सैल असते आणि किरण द्यावे लागत नाहीत. पुढे तुला तुझ्या गडचिरोलीकडच्या सिकलसेलवर काम करायचे असेल, तरीही हाच वाण उपयोगी पडेल. माणसाच्या लालपेशी उंदराच्या वाहत्या रक्तात जवळजवळ टिकतच नाहीत, पण या वाणाच्या अस्थिमज्जेत त्या घडताना पाहता येतात. माणसाचे वाढघटक निर्माण करणारा एसजीएम-३ हा वाण मात्र तुझ्या कामाचा नाही. त्यात मायलॉइड पेशी (पांढऱ्या पेशींचा टी-बी पेशींहून वेगळा गट) भरपूर मिळतात, पण सततच्या चेतावणीने मूलपेशी थकून संपतात.

माझ्या उमेदवारीच्या काळातला एक प्रसंग सांगतो. पाचव्या आठवड्यात शेपटीतून घेतलेल्या रक्तात निम्म्याहून अधिक पेशी माणसाच्या निघाल्या आणि मी हरखून गेलो. सातव्या आठवड्यात पिंजरा उघडला तेव्हा उंदीर पाठीला पोक काढून कोपऱ्यात बसले होते, केस विस्कटलेले होते आणि वजन पाचव्या हिश्श्याने उतरले होते. त्या सगळ्या पेशींवर सीडी ३ ही टी पेशींची खूण होती, म्हणजे नमुन्यातून नीट न काढलेल्या टी पेशी वाढून त्या उंदरांनाच खात होत्या. मूलपेशी एकही रुजली नव्हती, आणि त्या जनावरांचे हाल माझ्या घाईमुळे झाले. म्हणून टोचण्याआधी टी पेशी किती उरल्या ते मोज. सीडी ४५ (सगळ्याच पांढऱ्या पेशींची खूण) च्या एका आकड्यावर विसंबू नकोस; अस्थिमज्जेत सीडी १९ (बी पेशी) आणि सीडी ३३ (मायलॉइड पेशी) दोन्ही दिसू देत. सोळा आठवड्यांआधी निष्कर्ष काढू नकोस, आणि त्यानंतरही तीच मज्जा दुसऱ्या उंदरात रुजते का, ते पाहा.

आता संख्येविषयी. तुला पेशींच्या चार-पाच उतरत्या मात्रा लागतील. ज्या मात्रेला ३७ टक्के उंदरांत माणसाच्या पेशी रुजतच नाहीत, त्या मात्रेत सरासरी एक मूलपेशी असते, असा तो हिशेब आहे, आणि वीस उंदरांत तो विश्वासाने मांडता येणार नाही. प्राणी नीतिसमितीच्या अर्जात वाणाचे पूर्ण नाव, लिंग, वय आणि हा हिशेब लिही. संख्या वाढली म्हणून समिती अडवेल, या भीतीने ती कमी दाखवू नकोस, कारण अपुऱ्या संख्येच्या प्रयोगात सगळेच उंदीर वाया जातात.

निर्जंतुक खाद्य, पाणी आणि भुसा यांची व्यवस्था उंदीर येण्याच्या आधी झालेली असावी. सुधारलेला आराखडा पाठवशील तेव्हा त्यात नुसतेच किरण दिलेले, पेशी न टोचलेले तीन उंदीर वेगळे दाखव. माणसाच्या पेशी रुजल्या असे म्हणायला किमान किती दिसायला हव्यात, ती खालची मर्यादा आपण त्यांच्यावरून ठरवू.

कळावे.
तुझे सर